बोटाला लागलेला चेंडू

गेल्या वर्षी चैत्रात, आमच्या गावच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य मावळायच्या सुमाराला दोघा भावांपैकी थोरल्यानं धाकट्याच्या उजव्या हातावर लोखंडी पाईप मारला. जागा शाळेमागचं मैदान. व्हॉलीबॉलचा अंतिम सामना संपून थोडाच वेळ झाला होता. पंजाची दोन हाडं मोडली आणि मधलं बोट उलटं वळलं. मी जवळच होतो, लाइनमनचं, म्हणजे रेषेवरच्या पंचाचं, लाल निशाण हातात घेऊन. माझी पाठ तिकडे होती.

मारलं कुणी, हे गावात सगळ्यांना त्याच संध्याकाळी माहीत झालं. पुढचा आठवडाभर प्रश्न एकच राहिला. धाकटा पोलिसांना काय सांगणार?

आमचं गाव गडमुडशिंगीच्या पुढे. निम्मे लोक शेती आणि म्हशी सांभाळतात, निम्मे कोल्हापूरला किंवा एमआयडीसीत कामाला जातात. मी कोल्हापुरातल्या एका दैनिकात काम करतो. दोघे भाऊ माझ्याच गल्लीतले. त्यांचा बाप उसाची ट्रॉली उलटून तिच्याखाली गेला, तेव्हा थोरला बारावीत होता. त्यानं शिक्षण सोडलं आणि फाउंड्रीत लागला. धाकट्याला त्यानंच वाढवलं, खेळायलाही त्यानंच शिकवलं.

शिकवायची त्याची पद्धत मी पाहिली आहे. पोल्ट्रीच्या शेडच्या भिंतीला पाठ लावून तो धाकट्याला उभा करायचा आणि समोरून चेंडू पूर्ण ताकदीनं त्याच्या तोंडावर हाणायचा. ब्लॉकला, म्हणजे जाळीवर समोरच्याचा स्मॅश अडवायला, उडी मारणाऱ्यानं डोळे मिटता कामा नयेत, म्हणून हा सराव. पोरानं डोळे मिटले की पुन्हा. नाक फुटलं तर खालची माती लावायला सांगायचा आणि पुन्हा. एकदा त्यांची आई मध्ये आली, तिच्या खांद्यावरही एक बसला. ती पदर सावरत बाजूला झाली. पुढे पुढे धाकट्याचे डोळे मिटेनासे झाले. चेंडू कपाळावर बसून परत जायचा आणि हा बघत उभा असायचा. तालुक्यात त्याच्यासारखा मधला ब्लॉकर नव्हता. थोरला स्वतः स्मॅशर आणि कर्णधार.

आमच्या क्लबची खोली तालमीला लागून आहे. आत एक टीव्ही, दोन बाकं, चेंडूंची जाळी आणि कोपऱ्यात तो पाईप. मैदानावर जाळी बांधताना तिची तार पिळून ताणावी लागते. त्यासाठी नळाचा हातभर लांबीचा जाड तुकडा फार वर्षांपासून वापरात होता. दुसऱ्या कशालाही तो वापरायचा नाही असा नियम होता, कारण दर वेळी नेमका तोच हरवायचा.

शनिवारी-रविवारी सकाळी त्या खोलीत जपान असायचा. जपानमधल्या व्यावसायिक व्हॉलीबॉलची सगळ्यात वरची लीग दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि चैत्र-वैशाखापर्यंत चालते. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथला दुपारचा सामना इथं डेअरीला दूध घालून, न्याहारी करून येईपर्यंत सुरू होतो. कुणाच्या तरी मोबाईलवरून तो टीव्हीला जोडायचा. समालोचनातलं अक्षर कळायचं नाही, तरी आवाज मोठा ठेवायचे, कारण चेंडू बसल्याचा आवाज ऐकायचा असायचा. परदेशातून आणलेले साडेसहा फुटी स्मॅशर आणि त्यांच्या माऱ्याखाली जमिनीला घासत चेंडू उचलणारे बुटके जपानी. एकदा असाच एक चेंडू एकाच्या जबड्यावर बसला आणि तो आडवा झाला. खोलीतल्यांनी तो तुकडा चार वेळा मागे घेऊन पाहिला. खेळाडूंची नावं उच्चारायला जमत नव्हती. पाठीवरच्या आकड्यांवरून ओळखायचे, आणि आकड्यांवरूनच भांडायचे.

ही लीग गावात आणली सरांनी. सर म्हणजे निवृत्त क्रीडाशिक्षक, क्लबचे प्रशिक्षक. त्यांना त्यात आवडायची एक प्रथा. स्मॅश ब्लॉकरच्या बोटाला लागून बाहेर गेला आणि रेफ्रीला ते दिसलं नाही, तर ब्लॉकर स्वतः हात वर करतो. चेंडू माझ्या बोटाला लागला, गुण समोरच्यांचा. मग रेफ्री त्याला हिरवं कार्ड दाखवतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पिवळं आणि लाल कार्ड शिक्षेचं, हिरवं कौतुकाचं. सरांनी मक्याच्या बियाण्याच्या हिरव्या पिशवीतून एक तुकडा कापला, पुठ्ठ्यावर चिकटवला आणि सरावात ठेवला. टच कबूल केला की सर कार्ड दाखवणार, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. दाबला आणि सापडला, तर सगळ्या संघानं मैदानाला फेऱ्या मारायच्या.

पहिले काही महिने टाळ्या टिंगलीच्या होत्या. थोरल्यानं एकदाही कार्ड घेतलं नाही. एका रविवारी टीव्हीवर एका ब्लॉकरनं हात वर केला तेव्हा तो बाकावरून म्हणाला, "सर, तिथं क्यामेरं हायत की. दाबला तर दोन मिन्टात पडद्यावर उघडा पडतोय. म्हणून वर करत्यात हात. हितं कुठला आलाय क्यामेरा?"

सर म्हणाले, "मग तू क्यामेऱ्याची वाट बघ."

खोली हसली. थोरलाही हसला. धाकट्यानं मात्र त्या हंगामात इतकी कार्डं घेतली की पोरं त्याला जपानी म्हणायला लागली. थोरलाही घरी त्याच नावानं हाक मारायचा. "ए जपान्या, म्हशीला पाणी दाव."

यात्रेच्या स्पर्धेत मानाची ढाल असते. या मारहाणीच्या आदल्या वर्षी ती कुरुंदवाडच्या बाजूच्या एका संघानं नेली होती. त्या अंतिम सामन्यात थोरल्याचा शेवटचा स्मॅश त्यांच्या ब्लॉकरच्या बोटाला लागून बाहेर गेला होता. ब्लॉकरनं दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि रेफ्रीकडे बघून मान हलवली. रेफ्रीनं चेंडू बाहेर दिला. त्यावरून मैदानात जुंपली. थोरल्यानं त्या ब्लॉकरला जाळीखालून ओढून घेतलं आणि गुडघा पाठीत रोवून त्याचं तोंड चुन्याच्या रेषेवर घासलं. मागून कुणीतरी लोखंडी खुर्ची थोरल्याच्या तोंडावर घातली. समोरचे दोन दात गेले. ढाल टेम्पोच्या टपावर बांधून त्या लोकांनी गावातून तीन चकरा मारल्या. चकरा मारताना टेम्पोतून ओरडत होते, "दात राहिल्यात खाली, गोळा करा." दारूच्या बाटल्या गटारीकडेला फुटत होत्या. दुसऱ्या दिवशी ब्लॉकरच्या गावच्या दोघांना आमच्या पोरांनी बाजारात गाठून मारलं. एकाचा कान फाटला. थोरल्यानं वर्षभर दात बसवून घेतले नाहीत. ढाल आणल्यावर बसवीन, असं त्यानं आईला सांगितलं होतं.

गेल्या वर्षी अंतिम सामन्यात तेच दोन संघ आले.

मैदानाला बांबू बांधले होते. बांबूच्या मागं माणसं, माणसांच्या मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, ट्रॉल्यांत माणसं. आमच्या बाजूला हलगी, त्यांच्या बाजूला हलगी. रेफ्री बाहेरगावचा. लाइनमन दोन. आमच्या मागच्या रेषेवर मी. पहिल्या सेटमध्येच त्यांच्या स्मॅशरनं चेंडू मुद्दाम आमच्या सेटरच्या तोंडावर मारला. सेटर खाली बसला, नाक धरून उठला, त्याची बनियन लाल झाली होती. थोरल्यानं पुढच्याच चेंडूला त्याची परतफेड केली. त्यांचा लिबेरो, मागं नुसता चेंडू उचलणारा गडी, छातीवर मार घेऊन श्वास येईपर्यंत पडून राहिला. जाळीखालून पाय तुडवले जात होते. बाहेरून एक नारळ आत आला आणि रेफ्रीच्या स्टुलाला लागला. रेफ्रीनं खेळ थांबवला, सरपंचांनी माइकवरून हात जोडले, खेळ सुरू झाला. पहिला सेट त्यांचा, दुसरा आमचा.

तिसऱ्या सेटमध्ये चौदा-तेरा. आम्ही पुढे. एक गुण आणि ढाल आमची.

त्यांच्या स्मॅशरनं उडी घेतली. धाकटा त्याच्यासमोर उडाला. चेंडू वरून गेला, माझ्या डोक्यावरून मागच्या रेषेच्या बाहेर, थेट बांबूवर. मी रेषेकडे बघत होतो. चेंडू बाहेर पडला होता. मी निशाण वर केलं. रेफ्रीनं शिट्टी वाजवून हात आमच्या बाजूला केला. गुलालाची पोती फुटली आणि माणसं बांबूखालून आत शिरली. थोरला दोन्ही गुडघ्यांवर बसला होता आणि जमिनीवर मुठी आपटत होता.

धाकटा जाळीपाशीच उभा होता. त्याचा उजवा हात वर होता.

रेफ्रीनं आधी लक्ष दिलं नाही. धाकटा स्टुलाशी गेला. डाव्या हातानं उजव्या हाताचं मधलं बोट धरून त्यानं दाखवलं. रेफ्रीनं त्याला काहीतरी विचारलं, त्यानं मान डोलावली. रेफ्रीनं पुन्हा शिट्टी वाजवली आणि गुण फिरवला. चौदा-चौदा.

माणसांना बाहेर काढायला बराच वेळ गेला. त्या वेळात धाकट्याला कुणी काय काय म्हटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मागून एक पाण्याची भरलेली बाटली त्याच्या मानेवर बसली. समोरच्या संघाचा तो आदल्या वर्षीचा ब्लॉकर जाळीतून हसत होता. "आरं, ह्याला जपानला न्या रं. हितं कशाला ठेवलाय?" सर बाकावरून उठले आणि शर्टाच्या खिशाशी हात नेला. कार्ड त्या खिशात असायचं. ते बाहेर काढलेलं मी पाहिलं नाही.

पुढचे दोन्ही गुण त्यांनी घेतले. शेवटचा थोरल्याच्या स्मॅशवर गेला. त्यानं तो जाळीत मारला.

ढाल देताना दोन्ही बाजूंनी दगड आले. स्टेजवरचा मंडप फाटला. आमच्या एकाचं डोकं फुटलं, त्यांच्या टेम्पोची काच गेली. मैदानाच्या पूर्वेकडच्या बाजूला चार-पाच जण एकाला खाली घालून लाथा मारत होते. मी तिकडे बघत होतो, म्हणून माझी पाठ जाळीच्या खांबाकडे होती. खांबाशी थोरला पाईपनं तार ढिली करून जाळी सोडत होता. जाळी त्याच दिवशी सोडायची काही गरज नव्हती.

मागं दोन वाक्यं झाली, ती मी ऐकली.

"कुठला हात वर केलास?"

"ह्यो."

मग आवाज. ओला बांबू मोडल्यासारखा. मी वळलो तेव्हा धाकटा बसला होता आणि पाईप थोरल्याच्या हातात होता. धाकट्याचं तोंड उघडं होतं आणि तो स्वतःच्या पंजाकडे बघत होता. थोरल्यानं पाईप दुसऱ्यांदा उचलला. क्लबच्या दोघांनी त्याला मागून धरलं. एकाच्या बरगडीत त्यानं कोपर मारलं. मग त्यानं पाईप खाली सोडला. त्याच थोरल्यानं मोटारसायकल सुरू केली, धाकट्याला मध्ये बसवलं, मागं एकाला धरायला बसवलं आणि कोल्हापूरला दवाखान्यात नेलं. यात्रेच्या गर्दीतून हॉर्न दाबत गाडी बाहेर पडताना मी पाहिली. धाकट्याचं कपाळ थोरल्याच्या पाठीला टेकलं होतं.

दवाखान्यात त्यांच्या चुलत्यानं सांगितलं, रेफ्रीच्या स्टुलावरून पडला. डॉक्टरांनी हात उलटा करून बघितला. पडल्यावर पंजाच्या मागच्या बाजूला असा आडवा वळ उठत नाही, म्हणाले, आणि पोलिसांना कळवलं. शस्त्रक्रिया करून तारा घातल्या. मूठ वळेल, पण मधलं बोट पहिल्यासारखं होईल असं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं. थोरला तेव्हा बाहेर पायरीवर बसला होता. सकाळी तो तिथूनच फाउंड्रीत गेला.

मैदानावर त्या संध्याकाळी कितीतरी मोबाईल वर होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकाही मोबाईलमध्ये तो प्रसंग राहिला नव्हता. काहींनी आपण होऊन पुसला. काहींच्या घरी क्लबची पोरं जाऊन आली. पलीकडच्या गल्लीतला एक जण ऐकेना, त्याच्या दोन मुस्काटात दिल्या आणि त्याचा फोन विहिरीत टाकला. हे मी पाहिलेलं नाही. फोनवाल्यानं सांगितलं, गालावरची बोटं दाखवून.

हवालदार गावात आले ते तिसऱ्या दिवशी. ते दुसऱ्या तालुक्यातले, सगळ्यांना पावणं म्हणायचे. त्यांनी विचारलं, "व्हिडिओ कुणाकडं हाय का?" कुणाकडंच नव्हता. मारताना बघितलं का, तर कुणीच बघितलं नव्हतं. माझ्याकडे आले. मी सांगितलं: दोन वाक्यं ऐकली, आवाज ऐकला, वळलो तेव्हा पाईप थोरल्याच्या हातात होता.

"म्हंजे मारताना बघितलं न्हाई."

"नाही."

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. पाईप कुठं आहे, मला माहीत नव्हतं. मैदानात नव्हता.

मग भावकी बसली. जखमीचा जबाब अजून व्हायचा होता, आणि सगळं त्याच्यावर होतं. चुलता त्यात पुढे होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. हत्यारानं मारल्याचं कलम लागलं तर थोरला आत जाणार, फाउंड्री सुटणार, घर बसणार. हात तर मोडलाच आहे, तो कलमानं जुळणार नाही. चुलता दवाखान्यात दोनदा गेला. दुसऱ्या वेळी धाकटा काहीच बोलेना, तेव्हा त्यानं त्याच्या प्लॅस्टरवर वरून थाप मारली. फार जोरात नव्हती, असं आई नंतर म्हणाली. धाकट्याला उलटी झाली.

सर एकदा गेले. धाकट्यानं जबाबात काय सांगावं याबद्दल अवाक्षर काढलं नाही, असं त्यांनी मला सांगितलं. शेवटचा शनिवार-रविवार राहिला आहे लीगचा, एवढंच म्हणाले. सर गावात परतले तेव्हा त्यांच्या दारावर कुणीतरी शेण फेकून गेलं होतं, आणि खिडकीची काच फुटलेली होती.

थोरला रोज संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर दवाखान्यात यायचा. आईच्या डब्यातलं धाकट्याला भरवायचा, कारण धाकट्याला डाव्या हातानं भात जमत नव्हता. हे आईनं सांगितलं. एकदाच थोरला म्हणाला होता, "काय सांगायचं ते सांग." ते कशाबद्दल होतं, अजून भात हवा का याबद्दल की जबाबाबद्दल, आईला कळलं नाही.

जबाब घरीच झाला, दवाखान्यातून सोडल्यानंतर. सोप्यात हवालदार, चुलता, आई, धाकटा. मला शेजारी म्हणून बोलावलं होतं. थोरला कामावर गेला होता. हवालदारांनी चहा घेतला. बशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, हात कसा मोडला.

चुलता म्हणाला, "सांगितलंय न्हवं मी, साहेब. स्टुलावरनं—"

"पावणं, तुमचा हात मोडलाय का?" हवालदार म्हणाले. "ह्याला बोलू द्या."

आई जात्याजवळ बसली होती. ती उठली, धाकट्यासमोर आली आणि त्याच्या तोंडावर तिनं एक चपराक मारली. मग दुसरी मारली. हवालदारांनी तिला बाजूला घेतलं. ती पुन्हा जात्याजवळ जाऊन बसली.

धाकट्याच्या गालावर लाल झालं होतं. हवालदारांनी पुन्हा विचारलं. दंगल चालू होती, माणसं इकडंतिकडं पळत होती, धूळ होती. नक्की कुणी मारलं, हे दिसलं का? विचारताना त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. नाही म्हणायला जागा होती.

धाकटा म्हणाला, "डोळं उघडं हुतं माझं. दादानं मारलं."

हवालदारांनी पेन उचललं. कशानं मारलं, विचारलं.

"जाळीच्या पाईपनं. एकदा."

"दुसऱ्यांदा?"

"उचलला हुता. मारला न्हाई."

चुलता उठून बाहेर गेला. दारातल्या म्हशीच्या पाठीत त्यानं काठी घातली. म्हैस दावं तोडून गल्लीत पळाली. आत जबाब वाचून दाखवला गेला. सही उजव्या हातानं होईना, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. शाई पुसायला आईनं पदर पुढे केला.

त्याच दिवशी शिफ्ट सुटताना थोरल्याला फाउंड्रीच्या गेटवर ताब्यात घेतलं. त्यानं विरोध केला नाही. पाईपबद्दल विचारल्यावर त्यानं स्वतः जागा सांगितली. हवालदारांनी क्लबची खोली उघडली. पाईप टीव्हीच्या मागे, भिंतीला उभा करून ठेवला होता.